बोरीभोवतीची हळद

उस्ताद,

तुमची बोरकीण आली. गेल्या मंगळवारी सकाळी, आमच्या सोनागिरीच्या घरामागच्या गल्लीत, बोरीच्या बुंध्याशी. हे आधीच सांगून टाकतो, कारण मला कुठलीही गोष्ट सांगायला लागलं की मध्येच भलतीच काळजी आठवते आणि मुख्य गोष्ट राहून जाते. आमची ही म्हणते, तुम्हाला घर पेटलंय असं सांगायचं असलं तरी तुम्ही माचिस कुठल्या दुकानातून आणली तिथून सुरुवात कराल. ती म्हणते ते खरं आहे. हे पत्र लिहायला बसलो तर आधी दोनदा उठून वरच्या टाकीचा नळ बघून आलो. आता बसलोय. वही जुनी आहे, अक्षर आठवी पास माणसाचं आहे, आणि तुम्ही जाऊन पस्तीस वर्षं होऊन गेली आहेत. तुम्ही गेलात तेव्हा जेवढे होतात त्याहून मी आता सात वर्षांनी मोठा आहे. तरी 'अरे उस्ताद' म्हणायला जीभ वळत नाही.

तुम्ही नागपूरकडचे, घरात शुद्ध मराठी बोलणारे, संध्याकाळी देवापुढे स्तोत्र म्हणणारे. पण कारखान्यात ज्याच्या हाताला काम येतं तो उस्ताद, ही भोपाळची रीत. वाइंडिंगच्या शेडमध्ये सगळे तुम्हाला उस्ताद म्हणायचे, म्हणून मीही म्हणू लागलो. मी विसाव्या वर्षी हेल्पर म्हणून लागलो तेव्हा तुम्ही माझे हात उलटेसुलटे करून बघितलेत, मुलगी बघायला आल्यासारखे, आणि म्हणालात, "हात बरे आहेत. डोकं कसं आहे ते कळेल हळूहळू." ते तुम्हाला आठ दिवसांत कळलं. ट्रान्सफॉर्मरच्या कॉइलचा जोड झाला की त्यावर कागदाची पट्टी घट्ट, एकसारखी, अर्ध्यावर अर्धी चढवत न्यायची. मी ती नीट चढवायचो. मग मला वाटायचं, आत तारेचं एखादं टोक वर राहिलं असेल. मी पट्टी उलगडायचो, बघायचो, पुन्हा चढवायचो. मग वाटायचं, उलगडताना काही कचरा तर गेला नसेल. पुन्हा उलगडायचो. एकदा तुम्ही मागे येऊन उभे राहिलात ते मला कळलंच नाही. तुम्ही माझ्या हातातून ती पट्टी काढून घेतलीत. तिच्या कडा लोकरीसारख्या फुलल्या होत्या. "अरे," तुम्ही म्हणालात, "हा कागद आहे, नवरीचा पदर नाही, सारखा वर करून बघायला. जोड चांगला होता. आता खराब झाला. कुणी केला?" सगळी शेड ऐकत होती. मी म्हणालो, "मी." तुम्ही म्हणालात, "तू नाही, तुझ्या भीतीने केला. तिला उद्यापासून गेटबाहेर ठेवून येत जा." शेडमध्ये त्यानंतर वर्षभर मी आत आलो की कुणीतरी विचारायचं, "क्यों भाई, बाहर बाँध के आए?"

मला राग आला नाही, उस्ताद. काकूंच्या स्वयंपाकघरात बसून राग टिकतच नव्हता. तुमच्या क्वार्टरचं ते स्वयंपाकघर म्हणजे दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याने बाहेर थांबायचं. काकू स्टोव्हपाशी, मी उंबऱ्यावर पाट घेऊन, तुम्ही बाहेरच्या खोलीतून ओरडताय की पोराला अजून एक भाकरी वाढ, त्याच्या हाडावर मांस नाही. काकू म्हणायच्या, "त्याच्या हाडावर मांस यायला आधी त्याच्या पोटातली धाकधूक जायला हवी. बघा, घास तोंडात आहे आणि डोळे स्टोव्हवर. तो भडकणार नाही रे, जेव." हे त्यांनी बरोबर ओळखलं होतं. तो स्टोव्ह भडकेल या भीतीने मी तुमच्याकडे कधी पोटभर जेवलो नाही, आणि तरी ती माझ्या आयुष्यातली सर्वांत चांगली जेवणं होती. ट्रेड टेस्टमध्ये मी पास झालो त्या संध्याकाळी तुम्ही त्याच उंबऱ्यावर मला तुमचं भिंग दिलंत. पितळी कडीचं, तारेवरचा इनॅमलचा लेप बघायचं. म्हणालात, "एकदा बघायचं. एकदाच. मग खिशात." ते अजून माझ्याकडे आहे. एकदाच बघणं मात्र अजून जमलेलं नाही.

पण ते भिंग तुम्ही तारेपेक्षा जास्त बोरीवर वापरायचात, हे शेडमध्ये फक्त मला माहीत होतं. जेवणाच्या सुट्टीत बाकीचे कॅन्टीनला जात आणि तुम्ही डबा घेऊन शेडच्या मागे, तारेच्या कुंपणाशी. तिथे मुरमाड जमीन, वाळलेलं गवत, फेकलेल्या लाकडी ड्रमच्या फळ्या, आणि कमरेएवढी एक रानबोर. पहिल्या दिवशी मला काहीच दिसलं नाही. तुम्ही म्हणालात, "बोरीकडे बघू नकोस, बोरीवरच्या उन्हाकडे बघ." मग दिसलं. अंगठ्याच्या नखाएवढं फुलपाखरू. बसलेलं असलं की पांढऱ्यावर काळे ठिपके आणि रेघा, कुणी बारीक टाक घेऊन काढल्यासारखे. आणि उडालं की पंखाच्या वरच्या बाजूने जांभळट निळी झाक. मागे केसाएवढी शेपटी. उडायचं तेही दोन वितीच, पुन्हा त्याच बोरीवर. तुम्ही म्हणालात, "ही बोरकीण. हिचं माहेर, सासर, सगळं हीच एक बोर. जन्मभर शंभर पावलांपलीकडे जात नाही." पुस्तकात तिचं काय नाव आहे ते तुम्हाला माहीत नव्हतं, मलाही अजून नाही. तुम्ही सांगायचात की गावी तुमच्या शेताच्या बांधावर बोरी होत्या, तिथे लहानपणी ही दिसायची. पाणी कमी, ऊन जास्त, अशी जागा तिला आवडते. "मोठी फुलपाखरं बागेत जातात," तुम्ही म्हणालात, "ही आपल्यासारखी. नोकरी जिथे तिथे राहील." आणि भाकरीचा तुकडा हातात तसाच ठेवून भिंगातून बघत बसलात. तेव्हा तुमचा चेहरा शेडमधल्या चेहऱ्याहून वीस वर्षांनी लहान असायचा.

आता मी तुम्हाला जे सांगणार आहे ते मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. ही वाईट गोष्ट एवढी एकच आहे, ती मधेच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं मोकळेपणाने लिहिता येईल.

बोरकीण दाखवलीत त्याच वर्षी, हिवाळ्याच्या तोंडाला, तुम्ही मला बोरीच्या पानावरच्या तिच्या अळ्या दाखवल्यात. पानासारख्याच हिरव्या, चपट्या, तांदळाच्या दाण्याहून जराशा मोठ्या. एकेका अळीवर दोन-दोन, तीन-तीन काळे मुंगळे चढलेले. मला वाटलं, मुंगळे त्यांना खाताहेत. मी फुंकर मारली, मग बोटाने मुंगळा उडवायला गेलो. तुम्ही माझ्या हातावर चापट मारलीत. "हात मागे. त्यांचं त्यांना कळतं." मी विचारणार होतो की काय कळतं, तेवढ्यात भोंगा वाजला आणि तुम्ही डबा बांधायला लागलात. मी तेव्हा विचारायला हवं होतं, पण तुम्हाला दुसऱ्यांदा काही विचारायची मला लाज वाटायची. पुढचे चार दिवस मला एकच दिसत होतं, ते काळे मुंगळे आणि त्या अळ्या. पाचव्या दिवशी तुम्ही साहेबांच्या खोलीत मीटिंगला होतात. सुट्टीत मी एकटाच मागे गेलो. मुंगळे अळ्यांना पुढे घालून बोरीवरून खाली आणत होते आणि बुंध्याशी, मातीच्या भेगेत, आत नेत होते. मला वाटलं, मी पोचेपर्यंत अर्ध्या खाऊन झाल्या असतील. पार्ट धुवायचं रॉकेल शेडच्या दाराशीच असायचं. मी डबाभर रॉकेल त्या भेगेत ओतलं आणि मला फार बरं वाटलं. इतकं बरं मला ट्रेड टेस्टच्या दिवशीही वाटलं नव्हतं.

पुढच्या वर्षी बोरकीण आली नाही. तुम्ही रोज डबा घेऊन जायचात आणि बघायचात. म्हणालात, "यंदा पाऊस कमी झाला असेल." त्याच्या पुढच्या वर्षी म्हणालात, "यंदा जास्त झाला." तुम्ही रिटायर झालात, जवाहर चौकाजवळ मुलाकडे राहायला गेलात. मी दिवाळीला फराळाचा डबा घेऊन यायचो तर काकूंच्या आधी तुम्ही विचारायचात, "काय रे, तिकडे बोरकीण दिसली का?" मी म्हणायचो, नाही. मला तेव्हाही वाटायचं की मी अळ्यांना वाचवायला उशिरा पोचलो, मुंगळ्यांनी आधीच संपवल्या होत्या. पन्नास वर्षं मी तेच समजत होतो, उस्ताद. या दसऱ्यानंतर मला कळलं की त्या भेगेत काय होतं.

झालं असं. आमच्या घरामागच्या गल्लीत, भिंत आणि नाली यांच्यामध्ये, एक बोर आपोआप उगवली आहे. कुणी लावली नाही, कुणी पाणी घातलं नाही. हिची साडी तिला दोनदा अडकली आहे आणि ही तिला 'तुमची दुसरी' म्हणते, कारण दसऱ्यापासून मी सकाळचा चहा तिथेच खुर्ची टाकून घेतो. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मला त्या बोरीवर उन्हात काहीतरी हललेलं दिसलं. मी भिंग आणलं, चष्मा आणला, मग दुसरा चष्मा आणला. बोरकीणच. मी कप खाली ठेवला आणि तिथेच गुडघे टेकून बसलो. हिने दारातून विचारलं, "काय झालं? गोळी घेतली नाही का?" मी म्हणालो, "अगं, उस्तादांची बोरकीण." ती आली, वाकली, बघितलं. म्हणाली, "एवढीशी? मला वाटलं चांगली मोराएवढी असेल. पन्नास वर्षं ऐकतेय." पण मग ती तिथेच बसून राहिली आणि गॅसवरचं दूध उतू गेलं. त्याबद्दल तिने मलाच बोल लावला.

आठवड्यात अळ्या दिसल्या. मी मोजल्या, अकरा. आणि त्याच आठवड्यात सोसायटीच्या ग्रुपवर आलं की मागच्या गल्लीत सगळीकडे सिमेंटचे ब्लॉक बसवणार, झाडंझुडपं साफ होणार. तुम्हाला माहीत आहे, मी कुणाकडे काही मागायला जात नाही. दुकानात सुटे परत मागायलाही हिला पुढे करतो. तरी मी अध्यक्षांकडे गेलो. ते बँकेतून रिटायर झालेले, भले माणूस, पण घाईचे. मी म्हणालो, "भाईसाहब, पंद्रह दिन रुक जाइए." त्यांनी विचारलं, "क्यों, घर में शादी है?" मी म्हणालो, "नहीं, तितलियाँ निकलने वाली हैं." त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग आत बघून बायकोला म्हणाले, "सुनती हो, दादा के लिए चाय लाओ, बैठाओ इनको." मला वाटलं आता डॉक्टरचं नाव सुचवतात. पण चहा झाल्यावर म्हणाले, "देखते हैं. आप कह रहे हैं तो निकलेंगी ही. निकलें तो हमको भी दिखाइए." म्हणजे आता माझी अब्रू त्या अकरा अळ्यांवर. गल्लीत दुसऱ्या दिवसापासून सगळे विचारू लागले, "दादा, कब है डिलीवरी?" पानवाल्याने तर पेढ्याचं विचारून ठेवलं.

आणि मग एका दुपारी मी बघितलं की मुंगळे अळ्यांना खाली आणायला लागले. तसेच, पन्नास वर्षांपूर्वीसारखे. एक पुढे, एक मागे, मधे अळी. ती थांबली की मागचा तिच्या पाठीवर मिशा आपटतो, ती पुन्हा चालते. मी खुर्ची मागे सारून उठलो. पण आता मी तरुण नाही, रॉकेल घरात मिळत नाही, आणि काहीतरी शिकलोही असेन. मी म्हटलं, जीव कुणाचा घ्यायचा नाही, फक्त वाट अडवायची. घरात मुंग्या झाल्या की आपल्याकडे काय करतात? मी डब्यातली हळद घेतली आणि बोरीच्या बुंध्याभोवती चांगली बोटभर जाडीची रेघ ओढली. बुंध्यालाही चोळली, वीतभर उंचीपर्यंत. मग हात धुतले आणि बरेच दिवसांनी दुपारची झोप लागली.

सकाळी उठून बघतो तर हळदीवर कुंकू. वरती एक झेंडूचं फूल आणि विझलेली उदबत्ती. समोरच्या घरातल्या अम्माजी पहाटे मंदिरात जातात, त्यांनी बघितलं असणार. त्यांच्या मागून आणखी कुणी. दुपारपर्यंत बुंध्याला लाल धागा बांधला गेला आणि फांदीला एक छोटी चुनरी. ही धुणं वाळत घालायला मागे आली, बघितलं, पुन्हा आत आली, माझ्यासमोर उभी राहिली. "अहो, आपल्या घरामागे देवी कधी आली?" मी काय झालं ते सांगितलं. ती खुर्चीत बसून हसायला लागली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मी म्हणालो, "हसू नकोस, मला पाप लागेल, लोक फसतायत." ती म्हणाली, "लोक नाही फसले. हळद दिसली, नमस्कार केला. तुमचं काय गेलं? हळद माझी गेली."

मग ती बोरीजवळ गेली आणि वाकून बघायला लागली, आणि तिचं हसणं थांबलं. अळ्या खोडावर, हळदीच्या वरच्या कडेला येऊन अडकल्या होत्या. खाली येत नव्हत्या, वरही जात नव्हत्या, वाट चुकल्यासारख्या गोल फिरत होत्या. मुंगळे हळदीपलीकडे मातीत वेड्यासारखे पळत होते. माझ्या देखत एक गांधीलमाशी आली आणि एक अळी उचलून घेऊन गेली. आदल्या दुपारपासून असंच चाललं असणार. मी मोजलं, सात उरल्या होत्या. मी म्हणालो, "मुंगळ्यांपासून वाचवलं तर ही आली." ही म्हणाली, "मुंगळे होते म्हणून ही येत नव्हती. जरा नीट बघा. खायचं असतं तर वरच खाल्लं असतं. एवढं सांभाळून खाली कशाला आणतील? बाळंतपणाला माहेरी नेतात तसं नेतायत हो ते." आणि माझ्याकडे न बघता ओलं फडकं आणलं आणि बुंध्यावरची, मातीवरची सगळी हळद पुसून काढली. कुंकू तिने ठेवलं. म्हणाली, "ते अम्माजींचं आहे."

आम्ही दोघं तिथेच बसलो. थोड्या वेळाने एक मुंगळा आला, मग तीन, मग रांग लागली. मी भिंग धरलं. मुंगळ्याने अळीच्या पाठीवर मिशा फिरवल्या, आणि अळीच्या पाठीवर एक थेंब आला, काचेसारखा, आणि मुंगळ्याने तो पिऊन टाकला. मग तिला पुढे घालून निघाला. गाय राखणारा माणूस धार काढून गायीला घरी नेतो, तसं. मी भिंग हिच्याकडे दिलं. तिने बघितलं आणि भिंग सोडेना. सातच्या सात अळ्या एकेक करून बुंध्याशी मातीच्या भेगेत गेल्या. मुंगळे भेगेच्या तोंडाशी पहाऱ्याला बसल्यासारखे फिरत राहिले. आणि तेव्हा, उस्ताद, मला त्या शेडमागच्या भेगेत काय होतं ते कळलं. हिने विचारलं, "काय हो?" मी तिला रॉकेलचं सांगितलं, लग्नानंतर पहिल्यांदा. ती म्हणाली, "बावीस वर्षांचे होतात." आणि चहा ठेवायला गेली. आलं घालून केला होता, नेहमी मला पित्त होतं म्हणून घालत नाही.

त्यानंतरचे दिवस माझे कसे गेले ते विचारू नका. आत कोश होताहेत की हळदीने त्यांचं काही बिघडलं हे कळायला मार्ग नाही. माती उकरून बघावी असं दिवसातून दहा वेळा मनात यायचं. हिने मला खुर्चीवरून उठायची बंदी केली आणि बोरीच्या बाजूला तांदूळ निवडत, लसूण सोलत, माझ्यावर नजर ठेवून बसू लागली. आठव्या दिवशी कामगार आले. अध्यक्ष त्यांच्या मुलीकडे गेले होते, कंत्राटदाराला कुणी थांबवायला सांगितलेलंच नव्हतं. मिस्त्री कुदळ घेऊन गल्लीच्या त्या टोकापासून साफ करत येत होता. मी दारात उभा राहून सगळं पाठ करून ठेवलं होतं, अध्यक्ष, पंधरा दिवस, तितली, आणि तो समोर आला तेव्हा एक शब्द फुटला नाही. तो बोरीपाशी थांबला. कुंकू बघितलं, धागा बघितला, चुनरी बघितली. कुदळ खाली ठेवली आणि चपला काढून कपाळाला हात लावला. मग मला विचारलं, "दादा, कौन सी माई हैं?"

आता मी हो म्हटलं असतं तर संपलं असतं. पण मला खोटं बोललं की रात्रभर झोप येत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. मी म्हणालो, "माई नहीं हैं भैया. नीचे तितली के बच्चे हैं. हल्दी मैंने लगाई थी, चींटियों के लिए." मिस्त्रीने माझ्याकडे बघितलं, मग हिच्याकडे. ही म्हणाली, "यही बात है." तो म्हणाला, "तितली हो चाहे माई. हल्दी आपने लगाई, सिंदूर तो किसी और ने लगाया है. हम यहाँ कुदाल नहीं चलाएँगे. हमारे भी बाल-बच्चे हैं." आणि त्याने बोरीभोवती चौकोन आखला, हातभर जागा सोडून, आणि ब्लॉक तिच्याभोवतीने वळवून नेले. दुसऱ्या दिवशी अध्यक्ष आले तर नव्या ब्लॉकांच्या मधोमध बोर, तिच्याभोवती सुबक चौकट. ते बघत राहिले. मला म्हणाले, "दादा, आप तो पंद्रह दिन माँग रहे थे. ये तो हमेशा का हो गया." मी म्हणालो, मी काही केलं नाही. ते म्हणाले, "वही तो. और वो निकलीं?" मी म्हणालो, अजून नाही.

बोर राहिली. पण बोरकिणीशिवाय बोर राहून काय करायचं होतं? शेडमागची बोरही राहिली होतीच की. तुम्ही तिच्यासमोर किती दुपारी डबा घेऊन बसलात. तो सोमवार मी जेवलो नाही. मंगळवारी सकाळी, साडेनऊच्या सुमारास, चौकटीतल्या मातीतून पहिली बोरकीण वर आली. ओली, पंख चुरगळलेले, मुंगळ्यांच्या गर्दीतून, आणि एकाही मुंगळ्याने तिला तोंड लावलं नाही. ती खोडावर चढली, कुंकवाच्या वर, तिथे थांबली, आणि पंख हळूहळू पसरले. जांभळट निळे. दहा वाजेपर्यंत चार झाल्या, अकराला पाचवी. अम्माजी आल्या, अध्यक्ष बायकोला घेऊन आले, पुढच्या गल्लीत काम करणारा मिस्त्री चिखलाच्या हातांनी आला आणि हात मागे बांधून उभा राहिला. पानवाल्याने खरंच पेढे आणवले. अध्यक्षांनी सगळ्यांदेखत विचारलं, "दादा, पहली वाली आपने देखी? कैसे निकली?" आणि मी सांगितलं. अगदी रंगवून सांगितलं, माती कशी हलली, आधी मिशा कशा दिसल्या, मुंगळे कसे बाजूला झाले. सगळे ऐकत होते. माझं बोलणं एवढी माणसं एवढा वेळ ऐकताहेत असं आयुष्यात पहिल्यांदाच झालं. त्या दिवसापासून गल्लीतून जाताना लोक मला हे पुन्हा सांगायला लावतात आणि मीही सांगतो, दर वेळी थोडं वाढवून.

सातांपैकी पाच. हळदीने दोन गेल्या असतील, किंवा मातीत काही झालं असेल. ही म्हणते, पाच पुष्कळ आहेत. आज सकाळी बोरीच्या कोवळ्या फुटव्यांवर मला पांढरी अंडी दिसली, खसखशीच्या दाण्याएवढी. मी ती मोजली नाही. मोजायला लागलो होतो, सोडून दिलं.

हे पत्र मी कुठे टाकणार नाही, वहीतच राहील. म्हणून एक गोष्ट लिहून ठेवतो, जी फक्त हिला माहीत आहे आणि तिने कुणाला सांगितलेली नाही. पहिली बोरकीण मातीतून वर आली तेव्हा मी तिथे नव्हतो, उस्ताद. नऊ दिवस खुर्चीवर बसून राहिलो आणि नेमका त्या वेळी गॅसचा खटका बंद आहे का ते बघायला आत गेलो होतो. बंदच होता. ती वर येताना हिने एकटीने बघितली. मला हाक मारली नाही, कारण तिला वाटलं, हाक मारली तर मी धावत येताना पडेन. मी बाहेर आलो तेव्हा बोरकीण खोडावर चढलेली होती. मी लोकांना जे सांगतो ते सगळं हिने मला सांगितलेलं आहे.